भुंगा परत पाठव

प्रिय पाचर,

खोका परत आला. मंगळवारी दुपारी खुर्चीच्या पायाला सरस लावून मी शिकंजा आवळत होतो, दोन्ही हात गुंतलेले, आणि पार्सलवाला दारात उभा राहून सही मागायला लागला. म्हटलं, ठेव बाबा कुठंही, सही मामी करेल. त्यानं तो नेमका माझ्या समोरच्या फळीवर ठेवला. मी मारलेली चिकटपट्टी जशीच्या तशी, मामीनं मोठ्या अक्षरात लिहिलेलं 'सांभाळून' तसंच. खोक्यावरचं मशीनचं चित्र बघितलंस आणि उघडलासुद्धा नाहीस. वरती एक चिठ्ठी डकवलेली. 'मामा, हत्यार नाही, हात बोलतो. तुझंच वाक्य तुला परत. असले चोचले तुलाही झेपत नाहीत आणि मलाही. भुंगा मस्त चालतोय.' तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय होतं ते त्या दुपारी मला कळलं. त्या नादात सरस वाळला, खुर्चीचा पाय वाकडा बसला, आणि काल अर्धा दिवस गरम पाण्याची फडकी लावून लावून तो सोडवावा लागला. ते पाप तुझं.

तर खोका पुन्हा पाठवतोय. पत्र वरच डकवलंय, आधी ते वाच. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं झालंय, त्याला तूर्त पेनाचा दोष समज. मला माहीत आहे तू काय म्हणशील. मामा म्हातारा झाला, हट्टी झाला, त्याला नव्या मशीनचं वेड लागलंय. म्हण. पण हा हट्ट माझ्या हौसेसाठी नाही, तुझ्या हातांसाठी आहे, एवढं ध्यानात ठेव आणि मग मला पोटभर रागवू दे. बरेच दिवस मी कुणावर रागावलो नाही. साचलंय.

पहिला राग वखारवाल्यावर. मागच्या महिन्यात मी फळ्या बघायला गेलो, तर चार गिऱ्हाइकांच्या देखत तो मला म्हणतो, काय उस्ताद, ऐकलं ते खरं का, म्हातारपणी खेळणी घेतलीत म्हणे महागाची? मी म्हटलं, खेळणं नाही, घासायचं मशीन आहे, सँडर. तर हसून म्हणतो, चांगल्या सुताराला लागतंय कशाला, नाचता येईना त्याचंच अंगण वाकडं. चौघंही हसली. मीही हसलो, कारण फळ्या त्याच्याचकडून घ्यायच्या होत्या. पण घरी येईपर्यंत ती म्हण माझ्या डोक्यात ठोठावत होती. पाचर, तू शिकलेली आहेस, मला एक सांग. आजवर इतक्या नाचणाऱ्यांना लोकांनी ही म्हण सुनावली, त्यातल्या एकानं तरी अंगणाला पाणसळ लावून बघितली का? खरंच वाकडं असेल तर? खड्ड्यात पाय मुरगळून नाचणारा मेला तरी लोक म्हणायचे, नाचता येत नव्हतं. मी सुतार आहे. वाकडं आहे की सरळ हे मी मोजल्याशिवाय बोलत नाही. बाकीच्यांना ती सवय नाही, म्हणून म्हणी चालतात.

दुसरा राग माझ्या त्या वाक्यावर. 'हत्यार नाही, हात बोलतो.' तू ते निळ्या रंगात फळीवर रंगवून माझ्या कारखान्याच्या दारावर लावलंस, तेव्हा माझी छाती वीतभर फुगली होती. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ते वाचायचं आणि मान डोलवायचं. पण ते कुठून आलं हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी खोके ठोकायच्या कारखान्यात पहारेकरी होतो, हे तुला ठाऊक आहे. मोडक्या खोक्यांच्या फळ्यांवर, फेकून दिलेल्या करवतीनं, कुणी न शिकवता शिकलो, हेही तू शंभरदा ऐकलंयस. हे मात्र ऐकलं नाहीस की पहिलं बाहेरचं काम मिळालं, एका दुकानाची मांडणी करायची होती, तेव्हा तिथं एक मोठा मिस्त्री होता. त्यानं माझी करवत उचलली, दातांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला की हिनं तर लोणीसुद्धा कापायचं नाही. सगळे हसायला लागले. माझ्या खिशात दुसरी करवत घेण्याइतकं काही नव्हतं. तोंड मात्र होतं. म्हणून मी ते वाक्य फेकलं. म्हणजे बघ, ते शहाणपण नव्हतं. फाटक्या बाहीवर लावलेलं ठिगळ होतं. लोकांना ते आवडलं, मग मलाही आवडायला लागलं, आणि ठिगळालाच मी पुढं जरीकाठ समजून मिरवत राहिलो. चांगली करवत घेण्याची ऐपत आली तरी घेतली नाही. घेतली असती तर वाक्य खोटं पडलं असतं ना.

दात काढणाऱ्याला कुणी म्हणतं का, की बाबा, तुझा हात इतका चांगला आहे, आमच्या घरातली पकड घे आणि काढ? चष्मा घासणाऱ्याला म्हणतं का? फक्त आम्हालाच. आम्ही बोथट हत्यारानं सरळ कापलं तर कलाकार, आणि धारदार घ्यायला गेलो तर चोचले. गेल्या वर्षी एक बाई कॅमेरा घेऊन आली होती, मी तुला लिहिलं होतं. तिला माझ्या हातांचे फोटो हवे होते. घट्टे, भेगा, तो अंगठ्याचा जुना व्रण. किती सुंदर हात आहेत हो तुमचे, असं सारखं म्हणायची. मीही खुळ्यासारखा हात वेगवेगळ्या उजेडात धरून उभा राहिलो. मामीनं चहा ठेवला आणि आत जाऊन म्हणाली, सुंदर आहेत तर घेऊन जा म्हणावं आणि तुमचे ठेवून जा. तेव्हा मला ते लागलं होतं. आता वाटतं, त्या घरात तेवढीच एक शहाणी होती.

उगाच गैरसमज नको. महागडं मशीन आणलं की कारागीर होतो असं मी म्हणत नाही. तसे नमुनेही मी पाहिलेत. चकचकीत पेट्या भिंतीला टांगलेल्या, आणि साधा चौकटीचा कोपरा जुळत नाही. ते म्हणजे पी हळद आणि हो गोरी. पण त्यांच्यावर हसता हसता आपण दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. चांगलं हत्यार काय देतं हे आपण कधी विचारलंच नाही. तू म्हणशील, काम लवकर होतं. तो त्यातला सगळ्यात लहान भाग. चांगल्या करवतीचं पातं डुगडुगत नाही, त्यामुळं काप रेषेवर पडतो आणि चुकीची एक फळी वाया जाते ती वाचते. चांगलं मशीन धूळ स्वतः ओढून घेतं, ती आपल्या छातीत बसवत नाही. आठव, संध्याकाळी आपण दोघं शिंकरायचो तेव्हा रुमालावर लाकडाचा रंग यायचा, आणि आपण त्यावरून ओळखायचो की आज कोणतं लाकूड केलं. हसायचो त्यावर. काय अक्कल होती. आणि चांगलं मशीन थरथरत नाही. इथं जरा थांब, कारण मला भुंग्याबद्दल बोलायचंय.

भुंगा मी कसा आणला ते तुला माहीत आहे. एक कारखाना बंद पडला, सामान स्वस्तात निघालं, त्यात हे हिरवं घासायचं मशीन होतं. चालू केलं की अख्ख्या कारखान्यात असा आवाज घुमायचा की मामी स्वयंपाकघरातून सांगायची, तुमचा भुंगा आज भुकेला दिसतो. तू ऑफिसातली नोकरी सोडून आठ दिवस आरामाला म्हणून आलीस आणि चार वर्षं राहिलीस. ताई मला फोनवर म्हणायची, माझ्या पोरीला सुतार केलंस, आता हिला घर कोण देणार. मी म्हणायचो, घर ती स्वतः बांधेल. पहिल्याच दिवशी दार सारखं बंद होत होतं, तर न सांगता तू एक पाचर तासून त्याखाली सारलीस. आणि त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक वाक्यातही सारत आलीस. नाव काही उगाच नाही पडलं.

आणि तो आपला कपाचा खेळ. फळीच्या एका टोकाला चहाचा कप ठेवायचा, भुंगा चालू करायचा, आणि थरथरीनं कप सरकत सरकत दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत पूर्ण फळी घासून झाली पाहिजे. दोन कप फुटले त्यात. मामीनं मग आपल्याला पत्र्याचा दिला. त्या कपाच्या चालण्यावर आपण किती खूश असायचो, आठवतं? गिऱ्हाईक आलं की मी मुद्दाम दाखवायचो, बघा जोर. पाचर, तो जोर नव्हता. म्हणजे होता, पण गळका. निम्मा लाकडात जात होता आणि निम्मा आपल्या मनगटात. ते मशीन लांबच्या टोकाचा कप हलवत होतं, तर ते धरणाऱ्या बोटांचं काय करत असेल, एवढा साधा हिशोब दोन धडधाकट माणसांना चार वर्षांत सुचला नाही. मशीन बंद केल्यावरही तळवा गुणगुणत राहायचा. तू तो कानाशी धरायचीस आणि म्हणायचीस, मामा, हात गातोय. मीही माझा धरायचो. माझा तेव्हा तुझ्यापेक्षा जास्त वेळ गायचा, आणि मला त्याचाही अभिमान.

आता पाळण्याचं सांगतो. हे मी तुला कळवलं नव्हतं. कुणालाच नाही.

सहा महिन्यांपूर्वी आपल्या गल्लीतल्या नर्सबाईच्या लेकीला बाळ झालं. पाळणा मी केला. चांगला झाला होता, खोटं कशाला बोलू. शेवटचा हात फिरवायची माझी पद्धत तुला ठाऊक आहे. डोळे मिटायचे आणि बोटांची टोकं लाकडावरून उलटी, रेषेच्या विरुद्ध न्यायची. कापड फिरवून बघणाऱ्या सुतारांना मी काय म्हणायचो तेही तुला ठाऊक आहे. चिंधी ही आंधळ्याची काठी. तर डोळे मिटून हात फिरवला, गुळगुळीत लागला, पाळणा दिला. तीन महिन्यांनी ती पोरगी बाळाला कडेवर घेऊन आली. भांडायला नाही, ते बरं झालं असतं. संकोचून उभी राहिली आणि म्हणाली, काका, कठड्याच्या खालच्या बाजूला कुसळ आहे का बघता, याच्या तळव्यात गेलं होतं. तिचा भाऊ पाळणा उचलून मागून घेऊन आला. मी कठड्यावरून बोट फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. ती बोट दाखवून म्हणाली, इथं, काका. मी बरोबर तिथं फिरवलं. काही नाही. मला वाटलं ही चुकतेय, आणि तोंडातून जायच्या बेतात होतं की बाई, तुझा पाळणा गुळगुळीत आहे. तेवढ्यात मामी बाहेर आली, ओल्या हातानंच तिनं त्या जागेला बोट लावलं आणि झटक्यात मागं घेतलं.

"अहो, हे काय. इथं तर करवतीचे दात आहेत."

माझं बोट तिच्या बोटाशेजारीच होतं. त्याच जागेवर. मला ते रेशमासारखं लागत होतं.

पाळणा मी ठीक करून दिला, मामीच्या बोटांनी. पोरगी गेली.   मामीनं जुनी मलमल फाडून एक फडकं माझ्या खिळ्यांच्या डब्याशेजारी ठेवलं. तेव्हापासून मी ते फडकं वापरतो. जिथं धागा अडकतो तिथं कुसळ. आंधळ्याची काठी, बरोबर ओळखलंस. कुणी कारखान्यात आलं की मी ते खिशात कोंबतो, कारण बोटांना कळत नाही असा सुतार म्हणजे चव गेलेला आचारी. लोक तोंडावर गोड बोलतील आणि काम दुसरीकडं नेतील.

मग एक एक गोष्ट उलगडायला लागली. वर्षभर मामी सकाळी माझ्या सदऱ्याची बटणं लावतेय. निमित्त रोज नवं. आज तुमचा हात सरसाचा आहे, आज तुम्ही घाईत आहात, आज मलाच हौस आली. मी समजायचो, म्हातारपणी बायकोला लाड सुचलेत, आणि मनात गुदगुल्या करून घ्यायचो. तिला कळलं होतं, मला कळलं नव्हतं. पहाटे थंड पाण्यात हात घातला की बोटांची टोकं मेणबत्तीसारखी पांढरी पडायची. पुष्कळ दिवस पडायची. मी म्हणायचो, वय.

मामीनं मला डॉक्टरकडं नेलं. हातांची खास डॉक्टरीण, तुझ्याच वयाची असेल. तिनं मला डोळे मिटायला लावले आणि बोटांना टाचणी लावत विचारत गेली, लागतंय का, लागतंय का. मी तीनदा हो म्हणालो तेव्हा तिनं टाचणी लावलीच नव्हती. मग विचारलं, काम काय करता. मी म्हटलं सुतार. तिनं विचारलं, कशानं काम करता. मी आपला नेहमीचा मान ताठ करून म्हणालो, हातानं.

"ते झालं. आणि हातात काय असतं?"

चाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. पाटी वाचून सगळ्यांनी माना डोलावल्या, ही एकच निघाली जिनं पुढचा प्रश्न विचारला. मी भुंग्याबद्दल सांगितलं. कपाबद्दलही सांगितलं. वाटलं होतं ती हसेल. तिनं लिहिणं थांबवलं आणि विचारलं, तो कप किती वेळात टोकाला पोचायचा. मी सांगितलं. तिनं हळूच पेन खाली ठेवलं. म्हणाली, वयाचा यात काही संबंध नाही, त्या थरथरीनं बोटांतल्या नसा आणि रक्ताच्या बारीक वाटा मेल्यात, आणि इतक्या वर्षांनंतर त्या परत येत नाहीत. मला काय राग आला म्हणून सांगू. तिच्यावर नाही. ते मशीन बनवणाऱ्यावर, ज्यानं थरथर शोषायला जिथं चार रबरं बसवायची तिथं एक बसवलं. विकणाऱ्यावर, ज्यानं हाताबद्दल अवाक्षर काढलं नाही. वखारवाल्यावर, कॅमेरावालीवर. आणि सगळ्यांची यादी संपल्यावर जो उरतो त्याच्यावर.

कारण भुंगा तुला मी दिला. तीन वर्षांपूर्वी तू स्वतःचा कारखाना टाकायला निघालीस, आणि मी तो गोणपाटात गुंडाळून, वर दोरी बांधून, तुझ्या हातात ठेवला. म्हणालो, यानं माझं घर चालवलं, आता तुझं चालवेल. तू रडलीस, माझ्या पाया पडलीस. ताई म्हणाली, मामानं काळजाचा तुकडा दिला. मी ते गोड मानून घेतलं. खरी गोष्ट अशी की तेव्हाच तो मला झेपत नव्हता. तासभर धरला की पुढचे दोन तास हातात पेला ठरत नव्हता. पाचर, जे माझ्या हातांना सोसेना ते मी तुझ्या हातांत दिलं, आणि वर आशीर्वाद म्हणून दिलं. मला ठाऊक होतं असं नाही. पण अगदीच ठाऊक नव्हतं असंही नाही, आणि या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत मी गेले काही महिने अडकून बसलोय.

तर हे नवं मशीन. दुकानात गेलो तेव्हा मी मामीचा काचेचा पेला पिशवीतून नेला होता. दुकानदार पोक्त माणूस, त्यानं चार गोष्टी सांगायला सुरुवात केली, मी म्हटलं गप्प बस आणि पाणी दे. फळीवर पेला काठोकाठ भरून ठेवला, शेजारी मशीन चालू करायला लावलं. पाण्यावर बारीक शहारा आला, बस. पेला जागचा हलला नाही, थेंब सांडला नाही. मी वाकून बघत होतो आणि दुकानदार माझ्याकडं बघत होता. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, मशीनच्या दुकानात येऊन पाण्यासाठी डोळे पुसतोय. जन्मभर मी खिळ्यांच्या पुडीसाठीसुद्धा घासाघीस केली. त्या दिवशी मागितली तेवढी किंमत मोजून दिली. निघतानाच मामी म्हणाली होती, तुमच्यासाठी पण एक घ्या. मी म्हटलं, हत्ती गेला, आता शेपटाला काय झूल घालायची. घासायचं काम मी सोडलंय. मापं घेतो, सांधे जुळवतो, बाकीचं बाहेर देतो. डोळे शाबूत आहेत, चालतंय.

आता शेवटचं, आणि ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. दोन महिन्यांपूर्वी तुझं पत्र आलं होतं. शाळेच्या साठ बाकांचं काम मिळाल्याचं, दिवसभर भुंगा चालतो म्हणून शेजारी वैतागल्याचं, तुझ्या नव्या दाराला अजून पाचर न मिळाल्याचं. आणि खाली, सही झाल्यावर, उरलेल्या जागेत एक ओळ. 'मामा, गंमत म्हणजे सकाळी माझ्या बोटांची टोकं पांढरी पडतात, तुझ्यासारखी, आता मी खरी सुतार झाले.' मामी ते मोठ्यानं वाचत होती. तिथं आली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी मी तो पेला घेऊन दुकानात गेलो. डॉक्टरीण म्हणाली आहे की सुरुवात असेल आणि ते मशीन आजच्या आज हातातून सुटलं, तर बहुतेक भरून येतं. तेव्हा ऐक. दारावरची ती पाटी मी उतरवली आहे. तिचे दोन तुकडे केले, आणि तुझ्यासाठी घेतलेल्या या मशीनवर एकदाच हात ठेवून ते घासले. एक बारीक कागदानं अगदी शेवटपर्यंत, दुसरा जाड कागदावरच सोडून दिलेला. दोन्ही खोक्यात वरच आहेत, मागच्या बाजूला तुझा निळा रंग अजून आहे, आणि कोणता कुठला ते मामीनं पेन्सिलीनं लिहिलंय. डोळे मिट आणि दोन्हीवरून उलटं बोट फिरव. मग मला खरं कळव. मामी म्हणते, आंधळ्यालाही कळेल इतका फरक आहे. मला दोन्ही सारखेच लागतात. तुला फरक कळला तर भुंगा त्याच गोणपाटात बांधून मला पाठव, मी त्याची वायर कापून टाकणार आहे, आणि दुसऱ्या कुणाला देणार नाही. नाही कळला, तर मशीन वगैरे राहू दे, पहिली गाडी पकड आणि इकडं ये, डॉक्टरणीकडं मी तुझ्याबरोबर येतो. पण यावेळी माझं वाक्य मला परत पाठवू नकोस, माझे राणी. तुझं पाठव.

तुझ्या उत्तराकडं डोळे लावून बसलेला,
तुझाच
मामा